फूलसाहेबांचं चौथं पार्सल

चार माणसं एका टेबलाभोवती दोन-तीन वर्षं बसली की टेबलाखाली किस्से साचायला लागतात. झाडणाऱ्याला ते दिसत नाहीत, म्हणून तसेच राहतात. आता मी म्हातारा झालो, ते टेबलही केव्हाच मोडलं, तरी आमची मंडळी ओसरीवर जमली की कोणीतरी म्हणतंच, "सखाराम, ते विलायतेच्या पत्राचं सांग." मी म्हणतो, ते शेवटी. आधी बाकीचे ऐका, नाहीतर सुपारी तोंडात टाकून उठून जाल.

टेबल होतं अमरावतीच्या कॅम्पात, सडकेच्या ऑफिसात. काळ कापसाच्या तेजीचा. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असे दिवस आले की लोकांनी घरातल्या गाद्या उसवल्या. जिकडे पाहावं तिकडे गाड्याच गाड्या. गाड्यांना सडका हव्यात म्हणून सरकारने एक गोरे साहेब पाठवले. साहेबांनी सडका केल्या, नाही असं नाही. पण सडक एखाद्या फुलझाडापाशी आली की ती बाजूने वळायची. वर्षाच्या आत गावाने त्यांचं नाव पाडलं, फूलसाहेब.

साहेब मराठी शिकले होते पुण्याच्या एका शास्त्र्यांकडे. "रामजी, कृपा करून जरा इकडे येण्याचे करावे," असं ते चपराशाला म्हणायचे. आमचा रामजी आकोटकडचा, कुणब्याचा गडी, आडवातिडवा आणि तोंडाचा फटकळ. पहिल्या दिवशी तो मागे वळून पाहायला लागला की हे कोणाला बोलताहेत. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सायेब मले बोलावून राहिले का कीर्तन करून राहिले?"

*

मी मूळचा देवळाचा चितारी. भिंतीवर हत्ती, मोर, कमळं काढायची, हा आमचा बापजाद्यांचा धंदा. साहेबांनी एका देवळात माझं कमळ पाहिलं आणि विचारलं, "झाडे काढशील का?" म्हटलं, हत्ती काढणाऱ्याला झाडाचं काय. नोकरी लागली.

पहिल्या दिवशी साहेबांनी एक डहाळी पुढ्यात ठेवली. एका पानाचा कोपरा किड्याने खाल्लेला. मी डहाळी काढली, झकास काढली, आणि ते पान पुरं करून दिलं. साहेबांनी कागद पाहिला, डहाळी पाहिली.

"सखाराम, हे पान खाल्लेले आहे."

"होय जी. म्या दुरुस्त केलं."

"देवाने जे केले ते तू दुरुस्त करणार?"

"देवानं नाई जी, किड्यानं केलं ते."

साहेबांनी पानाचा खाल्लेला कोपरा बोटाने चाचपला. मग म्हणाले, "तर मग किड्याने केलेलेसुद्धा काढावे. जे दिसते ते. अधिक नाही, उणे नाही."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. आमच्या घराण्यात कोणी असं फाटकं पान काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पानाचं भोक काढलं, भोकाच्या कडेला बसलेला किडा काढला, किड्याची लेंडी काढली, आणि साहेब डहाळी हातात धरून बसले होते म्हणून त्यांचा अंगठाही काढला, नखाखालच्या मळासकट.

साहेबांनी कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "अंगठा फार चांगला आला आहे."

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

*

साहेबांचं एक दुखणं होतं, आणि ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना एक नवं फूल हवं होतं. जगात कोणत्याही पोथीत न लिहिलेलं. सापडलं की ते वाळवायचं, त्याचं चित्र काढायचं, पानापासून बीपर्यंत सगळं वर्णन लिहायचं, आणि पार्सल करून विलायतेतल्या पंडितांकडे पाठवायचं. पंडित म्हणाले नवं, तरच नवं.

तीन पार्सलं गेली होती. पहिल्याचं उत्तर आलं, "हे शंभर वर्षांपूर्वीच नोंदलेले आहे." दुसऱ्याचं आलं, "हेही नोंदलेले आहे, शिवाय ते आमच्या खिडकीबाहेर उगवते." तिसऱ्याला ते म्हणाले, नवं असेलही, पण पिकलेलं फळ कुठे आहे? फळाशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही. साहेब फळ आणायला परत गेले, तोवर तेच झाड दुसऱ्या कोणी फळासकट पाठवलं आणि ते त्याच्या नावावर लागलंही.

ते पत्र वाचलं त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. रामजी ताट परत घेऊन आला आणि म्हणाला, "एका फुलापायी हा मानूस मरन." त्याची थट्टा करायची सवय होती, पण तेव्हा तो थट्टा करत नव्हता. साहेबांची इथली मुदत पुढच्या दसऱ्याला संपणार होती. मग बोट, मग विलायत, मग आयुष्यभर खिडकीबाहेरचं तेच जुनं फूल.

मी घरी येऊन मायला सांगितलं. माझी माय म्हणजे अंबादेवीची फार मोठी भक्त. ऐकल्याऐकल्या तिने हात जोडले, "अंबाबाई, सायेबाचं फूल नवं निघू दे, तुले लाख फुलाइची लाखोली वाहीन."

मी म्हटलं, "माय, लाख फुलं आणशील कुठून?"

"ते माह्यं मी पाहीन. तू सायेबाचं पाय."

*

मायची आणखी एक रीत होती, तिच्यावरून साहेबांवर मोठ्या साहेबांची बोलणी खायची वेळ आली होती. दारी काहीही नवं आलं की माय त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. नवी सून, नवा बैल, नवा पाटा, नवी छत्री, सगळ्यांना सारखंच.

एकदा साहेब नवा घोडा घेऊन आमच्या दारावरून चालले होते. माय करंडा घेऊन रस्त्यात उभी! घोड्याच्या कपाळाला कुंकू लागलं. साहेबांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, नव्याला लावतात. साहेब खाली उतरले, टोपी काढली आणि मायपुढे वाकले. मायनेही काही विचार न करता लावलं.

साहेब तसेच मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर मीटिंगला गेले. मोठ्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, कपाळाला लागलं की काय? आमचे साहेब म्हणाले, "नाही. मी इथे नवा आहे."

*

आता फूल. अश्विन महिना होता. अमरावतीहून आम्ही अचलपूरला गेलो, तिथून घाटाने चिखलदऱ्याला. साहेब पुढे, मी रंगाची पेटी घेऊन मधे, आणि मागे रामजी कागदांचं गाठोडं डोक्यावर घेऊन धापा टाकत. "सायेब सपाट सडक करते," तो म्हणत होता, "अन् चालते डोंगरानं."

वाट दाखवायला एक कोरकू बाई होती, फुलाय नावाची. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. कड्याच्या अगदी टोकाला एका सपाट खडकावर ती बिड्यांची पानं तोडायला थांबली, आणि साहेब एकदम गुडघ्यावर बसले. मला वाटलं पाय मुरगळला.

खडकाच्या भेगाभेगांतून टाचेएवढी रोपं उगवली होती. मधे पिवळी टिकली, भोवती पांढऱ्या बारीक पाकळ्या. सोनकीच्या कुळातलं दिसत होतं, पण सोनकी अख्खी पिवळी, हे पांढरं. पान जाड, खालून लोकरीसारखं. साहेबांनी एक पान उलटून पाहिलं. त्यांनी हलक्या आवाजात मला सांगितलं, "सखाराम, हे मी कुठेही वाचलेले नाही."

मग त्यांनी फुलायला अदबीने विचारलं, "बाई, आपण यास काय म्हणता?"

तिने एकदा रोपाकडे पाहिलं. "काई नाई."

"काहीतरी नाव असेल."

"भाजी होत नाई. दवा होत नाई. बकरी बी खात नाई," फुलाय म्हणाली. "कामाचंच नाई, त्याले नाव कायले?"

मी साहेबांकडे पाहिलं. वाटलं, आता यांचं मन मोडणार. साहेबांनी वहीत लिहिलं, "स्थानिक नाव: नाही," आणि वही मिटून इतके हसले की फुलायसुद्धा हसायला लागली.

*

फूल वाळवायचं म्हणजे बाळापूरच्या जाड कागदांच्या थरात ठेवायचं, वर-खाली फळ्या लावायच्या आणि दोरीने करकचून बांधायचं. चार दिवसांनी चपटं होतं. पण रामजीला घाई. त्याचा साळा कापसाच्या जिनात कामाला होता, तिथे रुईच्या गठाणी दाबायचा मोठा लोखंडी स्क्रू होता. चार माणसं दांडा फिरवायची तेव्हा खोलीभर रुई बैलगाडीच्या पेटीएवढी व्हायची.

साहेब सडक पाहायला गेले होते तेवढ्यात रामजीने गाठोडं नेलं, स्क्रूखाली ठेवलं आणि चार गडी लावले.

संध्याकाळी साहेबांनी पहिला कागद उचलला. त्यावर फूल होतं, म्हणजे फुलाचा पिवळाहिरवा डाग होता. दुसरा उचलला, तिथेही डाग. तिसरा, चौथा, एकूण सात कागदांत ते फूल आरपार गेलं होतं. खरं फूल कोणत्या थरात होतं ते सांगता येईना.

रामजी खाली मान घालून उभा. साहेब सातही कागद ओळीने मांडत होते. शेवटी रामजीलाच राहवलं नाही. "सायेब, नुसकान झालं हे मी मानतो. पन एकाचे सात झाले, हे बी पायजा."

नशीब, दुसरं गाठोडं फळ्यांतच बांधलेलं होतं.

*

साहेबांनी तीन रोपं मातीसकट जिवंतही आणली होती, चित्रासाठी आणि फळ धरतं का पाहायला. बंगल्याच्या माळ्याने त्यातली दोन तण समजून उपटली. तिसरं साहेबांनी स्वतः कुंडी उचलून आमच्या घरी आणलं आणि मायच्या पुढ्यात ठेवलं.

"आई, हे आपण सांभाळावे."

"पोटच्या पोरावानी सांभाळीन," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातच चित्राला बसलो. रोप तुळशीवृंदावनाशेजारी होतं, त्यावर एकच फूल उमललेलं. मी जीव ओतून काढलं. पानाखालची लोकर काढली, एक पान वाकडं होतं ते वाकडंच काढलं, एका पाकळीच्या बुडाशी लाल ठिपका होता तो काढला, मातीत एक मुंगी होती तीही काढली. मागचा अंगठा विसरलो नव्हतो. जे दिसतं ते. अधिक नाही, उणे नाही.

साहेबांनी चित्र पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांनंतरही तो हात मला आठवतो.

*

त्याच दिवशी लाखोलीचा घोळ सुरू झाला. साहेब अंगणात बसून भिंगातून दुसरं वाळलेलं फूल सुईने उकलत होते. माय जवळ आली. साहेब म्हणाले, "आई, हे एक फूल नाही. मधली ही टिकली पाहा. यातला एकेक कण हे स्वतंत्र फूल आहे. या पाकळ्यासुद्धा एकेक फूलच. असे मिळून शंभराच्या घरात जातात."

मायने भिंगाला डोळा लावला. कण खरंच फुलासारखे दिसत होते, प्रत्येकाला आपापलं तोंड. मग डोळा न हलवता मला म्हणाली,

"अशी अजून कोनती फुलं असतेत, इचार."

साहेब म्हणाले, झेंडू, शेवंती, सूर्यफूल, सगळी याच कुळातली.

"शेवंती बी?"

"शेवंतीसुद्धा."

माय उठली आणि थेट देवळात गेली. पुजाऱ्याला म्हणाली, नवस फळला तर मी शेवंतीची हजार फुलं वाहीन, ती लाख धरायची. पुजारी खवळला. म्हणे देवीशी असं बोलतात का. माय म्हणाली, "माह्यावर भरोसा नसन तं सायेबाले इचारा."

तर साहेब आले! जोडे काढून पायरीखालीच उभे राहिले, पुजाऱ्याला बाहेर बोलावलं, एक शेवंती उकलली आणि भिंग त्याच्या हाती दिलं. पुजाऱ्याने डावा डोळा मिटून पाहिलं, उजवा मिटून पाहिलं. अर्धा गाव भोवती जमला होता.

पुजारी भिंग परत देत म्हणाला, "मान्य. हजार चालतीन. देवीले भिंग लागत नाही, तिले आधीच दिसत असन."

*

आता राहिलं फळ. तिसऱ्या पार्सलचा घाव ताजा होता, म्हणून साहेबांनी ठरवलं की पिकलेल्या फळाशिवाय चौथं पार्सल हलवायचं नाही. कुंडीतल्या रोपाचं फूल मायने जपलं खरं, पण ते बी न धरताच गळून गेलं. डोंगरावर जायचं ठरलं, तर साहेबांना हिवतापाने धरलं. दिवाळी अंथरुणात गेली. उठले तसे काठी टेकत टेकत चिखलदऱ्याला निघाले. मी म्हटलं मी जातो, पण ऐकेनात.

वर पोचलो तर सगळा उतार काळा. वणवा लागून गेला होता. खडकाच्या भेगांत राखेशिवाय काही नव्हतं. पुढल्या वर्षी फळ पिकायच्या आत साहेब बोटीवर असणार होते. ते त्या खडकावर बसले आणि कितीतरी वेळ दरीकडे पाहत राहिले. परतीच्या वाटेत त्यांनी एकही झाड पाहायला पाय थांबवला नाही, ते पाहून मला रडू आलं. रामजीने डोक्यावरचं रिकामं गाठोडं हातात घेतलं होतं.

अमरावतीला आलो. तिसऱ्या दिवशी ऑफिससमोर एक छकडा येऊन उभा राहिला. त्यातून दोन पोती आणि अकोल्याचे गणपतशेठ उतरले. कापसाचे मोठे अडते, पोट पुढे, पगडी मागे, चेहरा तापलेला.

"सायेब," ते आत येऊनच म्हणाले, "तुमी मले फसवलं."

साहेबांनी कृपा करून बसण्याचे करावे म्हणून सांगितलं. शेठ बसले नाहीत. हळूहळू सगळं बाहेर आलं. अश्विनात रामजी अचलपूरच्या बाजारात फुशारकी मारत होता, "आमच्या सायेबाले डोंगरावर नवं सापडलं. पांढरं हे. विलायतेले पाठवून राहिले." शेठच्या माणसाने ते ऐकलं. त्या दिवसांत पांढरं आणि विलायतेला जाणारं म्हणजे एकच वस्तू! शेठने ताडलं की सरकारला डोंगरी कापूस सापडला आहे आणि साहेब तो लपवताहेत. दुसऱ्या कोणाला कळायच्या आत त्यांनी गुपचूप माणसं वर पाठवली, बोंडं पिकेपर्यंत तिथे राहुटी टाकून बसवली, आणि वणव्याच्या चार दिवस आधी दोन पोती भरून अकोल्याला आणली.

"अन् मंग?" रामजीने विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"मंग काय. सरकी काढायच्या रेच्यात घातलं. दिसभर बायका फिरवून राहिल्या." शेठनी पोत्यात हात घातला, मूठभर काळं बी काढलं आणि साहेबांच्या टेबलावर आपटलं. "पाहा. नुसती सरकी! या कुळातल्या साऱ्या फुलाइले म्हातारी असते, वाऱ्यावर उडते, पोरं फुकते. याले केसभर रुई नाई. असं कुठं फूल असते का?"

साहेब टेबलावर वाकले. एक बी उचललं, भिंगाखाली धरलं, दुसरं उचललं, तिसरं उचललं. पिकलेलं होतं, पुरं होतं आणि डोक्यावर एकही केस नव्हता. मग पोत्यात हात घालून त्यांनी एक आख्खं वाळकं रोप काढलं, मुळापासून फळापर्यंत.

"नाही शेठ," साहेब म्हणाले. "असे फूल कुठेही नसते."

आणि अमरावती कॅम्पाच्या इतिहासात पहिल्यांदा एका गोऱ्या साहेबाने कापसाच्या अडत्याला मिठी मारली. शेठ दोन्ही हात वर करून उभे होते, आणि साहेबांच्या खांद्यावरून मला विचारत होते, "याइले ताप चढला का?"

*

चौथं पार्सल गेलं. वाळलेली चाळीस फुलं, शेठचं बी, माझं चित्र आणि साहेबांनी आठ वेळा लिहून आठ वेळा फाडलेलं आणि नवव्यांदा लिहिलेलं वर्णन. गणपतशेठ अकोल्याहून दर महिन्याला निरोप पाठवायचे, "आमच्या फुलाचं काय झालं?" मायने शेवंतीचा वाफा केला. कुंडीतलं रोप उन्हाळ्यात सुकून गेल्यासारखं झालं, पावसाळ्यात पुन्हा फुटलं, त्याला कळ्या आल्या. उत्तर येईना. साहेबांच्या बंगल्यात सामानाच्या पेट्या भरायला सुरुवात झाली.

नवरात्र बसायला चार दिवस होते. सकाळी आमच्या दाराशी घोडा थांबला आणि साहेब टोपीशिवाय आत आले. मागोमाग रामजी धावत, हाशहुश करत. साहेबांच्या हातात पत्र होतं. ते काही बोलायच्या आत माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. तुळशीशेजारी कुंडीत फुलंच फुलं आली होती त्या दिवशी.

"सखाराम," साहेब म्हणाले, "नवे आहे."

रामजीने आरोळी ठोकली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. माय अंबाबाईच्या दिशेने हात जोडून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

साहेब पत्रातलं एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागले. पंडित म्हणतात, बीला केस नसलेलं असं फूल या डोंगरांतून कधीच आलं नव्हतं. पंडित म्हणतात, फळ उत्तम आहे, फळ पाठवणाऱ्यास धन्यवाद द्यावेत. "अकोल्याले कळवा म्हंतो," रामजी मधेच म्हणाला. मग माझ्या चित्राचं आलं. पंडित म्हणतात, असा प्रामाणिक हात आम्ही पाहिला नाही, त्याने मुंगीदेखील सोडली नाही. माझी छाती फुगली.

"आणखी एक आहे," साहेब पुढचं पान उलटत म्हणाले. "ते लिहितात, चित्रात एका पाकळीच्या बुडाशी एक सुंदर तांबडा ठिपका आहे. चाळीस वाळल्या फुलांपैकी एकातही तो नाही. चित्रकार इतका खरा आहे की ठिपक्याविषयी शंकाच नको. वाळल्यावर तो उडून जात असावा. छापण्याआधी तसा ठिपका असलेली डझनभर ताजी फुले दारूत बुडवून पाठवावीत."

साहेबांनी कुंडीकडे पाहिलं. मी कुंडीकडे पाहिलं. सगळी फुलं पांढरीशुभ्र होती.

"सखाराम, जे दिसले तेच काढलेस ना?"

"होय जी. अधिक नाही, उणे नाही."

मायला साहेबांची पुणेरी अर्धीच कळायची. तिने माझा खांदा हलवला. "काय म्हनून राहिले? कावून गप झाले सारे?"

मी सांगितलं, "माय, विलायतच्या पंडिताइले त्या फुलावरचा लाल ठिपका लय आवडला. तसे ठिपक्यावाले डझनभर मांगून राहिले."

मायचा चेहरा उजळला. ती आत गेली आणि करंडा घेऊन आली. कुंडीपाशी बसली, अनामिका पाण्यात बुडवून कुंकवात टेकवली, पहिलं फूल डाव्या हाताने हलकेच धरलं आणि मान वर करून मला म्हणाली, "डझन म्हंजे किती होते, इचार बरं त्याइले."